सिस्टीम बदलली अन् सासुरवाडी धावत आली

सांगतो, पण हसायचं नाही हं! 

माझी बायको सुनंदा माहेरी, कुही गावाले गेली होती. घरी मी अन् माझे म्हातारे बाबा, दोघंच. तिचा पीएचडीचा अख्खा प्रबंध घरच्या कॉम्प्युटरमध्ये. अन् मले काय सुचावं? ती यायच्या आत त्याची जुनी सिस्टीम बदलून टाकू, खूश होईल!

बटण दाबलं. ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ असं आलं, गोल चक्र फिरून राहिलं. जेवून येतो तर काय? पडदा काळाठिक्कर! चक्र नाही, अक्षर नाही. हात लावावा, तर उरलंसुरलंही गेलं म्हणजे?

तेवढ्यात तिचाच फोन.

“काय करून राहिले?”

मले रडूच फुटलं. “सुनंदा, सगळं संपलं वं! सकाळी चांगला होता. जेवून पाहतो तर काळा पडलेला. हालचालच नाही!”

“कोण? अहो, कोण?”

“म्हाताराच झाला होता गं तो! मीच नको ते करायले गेलो...”

तिकडून एक किंकाळी, अन् फोन बंद. परत लावला तर कोणी उचलेना. वाटलं, प्रबंधाचा धक्का बसला! आता घरात कसं राहू देते ही मले?

तासाभरात दारात जीप. सुनंदा, सासूबाई, साळा. सगळ्यांचे डोळे लाल. साळ्याच्या हातात हा एवढा मोठा हार!

अन् दार कोणी उघडलं? माझ्या बाबांनी!

सासूबाई मट्‌कन पायरीवरच बसल्या. “अहो व्याही... तुम्ही बरे आहात?”

“मले काय धाड भरली?” बाबा म्हणाले.

सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं, की मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. ती तरातरा गेली, माउस हलवला. पडदा लख्ख! सिस्टीम नवी, प्रबंध जागच्या जागी. पडदा नुसता झोपला होता!

साळा हार पाठीमागे लपवून राहिला. पण बाबांनी तो पाहिलाच. सगळा प्रकार त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, अन् माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

“या कॉम्प्युटरच्या डब्यासाठी एवढा रडला ना गा? माझ्या वेळेसाठीही थोडंसं उरवून ठेवजो!”