वढ्यावरचा धुण्याचा ओटा
झेंडावंदनाचं धोतर निळीच्या पाण्यात बुडवलं की मला भोकरकडल्या आमच्या गावची एक ग्रामसभा आठवते. झेंडा झाला होता आणि आम्ही समदे गडी कडक पांढऱ्या कपड्यांत शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. सरपंच म्हणाले, "पंचायतीला आलेल्या पैशात गावाला कमान बांधू." आम्ही माना हलवल्या, मी तर सगळ्यांच्या आधी. तेवढ्यात मागं बायांत बसलेली माझी घरची उठली. "सरपंचसाहेब, वढ्यात गुडघाभर चिखलात उभं राहून आम्ही धुणं धुऊन राहिलो. आम्हाला कमान नको, ओटा अन् नळ पाहिजे." माझ्या शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "आवर की रे बायकोला." मी उठायच्या आत तीच त्याला बोलली, "मामंजी, तुमचं धोतर लई पांढरं हाय. पुढल्या झेंड्याला ते कमानीवर आपटून धुवा." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सरपंचांनी आपल्याच सदऱ्याकडं पाहिलं आणि त्यांनाही हसू आलं. ओटा मंजूर झाला. घरी येताना मी म्हणलं, "लई बोललीस." ती म्हणाली, "हाव, अजून लई राहिलंय." ती गेली, तवापासून त्या ओट्यावर माझं धुणं मीच धुतो. गल्लीतल्या सुना म्हणतात, "द्या इकडं, बाबा." मी देत न्हाई. तिनं भांडून घेतलेल्या ओट्यावर बसलं की बरं वाटतं, आणि कमान अजून झाली न्हाई, त्याचं तर लईच बरं वाटतं.