सिग्नल दिसतो, पुस्तक नाही

आमच्या घरात डोळे चांगले म्हणजे लांबचं दिसणं. दुसरा काही अर्थ आम्हाला ठाऊकच नव्हता. मी दौंडला रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होतो, माझा बाप त्याच रेल्वेत रूळ दुरुस्त करणारा गँगमन. ड्रायव्हरला ठरावीक वर्षांनी मेडिकल द्यावं लागतं, आणि त्या मेडिकलची आम्ही जी धास्ती घ्यायचो ती विचारू नका. लांबच्या भिंतीवरची अक्षरं वाचा, टाचणीएवढे दिवे ओळखा, रंग सांगा. जवळचंही तपासायचे, पण त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. जवळच्याला चष्मा लावला की भागलं. लांबच्यात खोट निघाली की मात्र माणूस इंजिनावरून खाली. चांगले धिप्पाड गडी ऑफिसात फायली हलवत बसलेले मी बघितलेत, तोंडं पाडून. त्यामुळं आमच्यात पोर जरा बोलायला लागलं की त्याला गच्चीवर न्यायचं आणि विचारायचं, ते तिकडं काय दिसतंय सांग बरं.

गच्चीवरून सिग्नल दिसतो. इंजिनावर आमची एक पद्धत असते. सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं रंग सांगायचा आणि जोडीदारानं तोच रंग परत मोठ्यानं म्हणायचा. दोघांच्या तोंडी एकच रंग आला तरच तो खरा धरायचा. हा खेळ मी माझ्या नातीला शिकवला. मुलगा माझा सणसवाडीच्या कंपनीत, बिऱ्हाड शिरूरला, पण सुट्टी लागली की सून आणि नात दौंडला यायच्या. चार वर्षांची असेल तेव्हा ती. मी ओरडायचो, "डबल पिवळा!" की ती बारीक आवाजात, "डबल पिवळा!" पुढं पुढं उलटंच झालं. ती आधी ओरडायची आणि मी डोळे बारीक करून शोधत बसायचो. "आबा, कवाच हिरवा झालाय, तुम्ही कुठं बघताय?" असं वर ऐकवायची.

मी हुरळलो होतो, यात काही खोटं नाही. पारावर आम्ही जुने ड्रायव्हर बसतो, तिथं रोज नातीचंच पुराण. या घरातला पुढचा ड्रायव्हर पोरगीच निघणार म्हणून सांगत सुटायचो. एक जण वैतागून म्हणाला, "आरं पुरं कर की, आम्हाला काय नातवंडं न्हाईत व्हय?" मी कसला पुरं करतोय!

मग ती शिरूरला पहिलीत गेली. सुरुवातीचे दिवस गाणी, गोष्टी, चित्रं यात मजेत गेले. दिवाळीनंतर सुनेचे फोन यायला लागले. सून मला मामा म्हणते. "मामा, पोरगी वाचत न्हाई ओ," ती म्हणायची.

"वाचंल की. सहा वर्षांची तर हाय."

"तसं न्हाई मामा. पुस्तक काढलं की डोळं चोळती. डोकं दुखतंय म्हणती. एक ओळ वाचली की दुसरी सोडून तिसरीवर जाती. आन् मग मनाचंच काहीतरी सांगत बसती."

शाळेतल्या बाई मनानं चांगल्या होत्या. तरुण होत्या, नव्यानंच नोकरीला लागलेल्या. शाळा सुटल्यावर आमच्या पोरीला शेजारी घेऊन बसायच्या, तिचं बोट धरून ओळीवरून फिरवायच्या. पोर शब्दाशी अडायची, डोळ्यांतून पाणी काढायची, नाहीतर शू लागली म्हणून पळायची. फळ्यावरचं म्हणायची खरी, पण ते सगळ्या वर्गाबरोबर. बाईंना वाटायचं, बाकीच्यांचं ऐकून म्हणत असणार. तरी एकदा त्यांनी सुनेला सांगितलंच, की पोरीचे डोळे दाखवून घ्या.

सुनेनं ते मला फोनवर सांगितलं आणि माझं टाळकं सटकलं. "कुणाचं डोळं? आपल्या पोरीचं? तिला मैलावरचा सिग्नल दिसतोय, म्हणावं! बाईंना दिसतो का विचार!" सुनेनं बिचारीनं फोन ठेवून दिला. त्यातच शाळेत तपासणीला माणसं आली. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला, पोरांना लांब उभं केलं. आमच्या पोरीनं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा सांगितलं. झालं, डोळ्यांचा विषय मिटला. उरलं काय, तर लाडानं बिघडली, लक्ष नाही, मोबाइल बघते. आणि असं तिच्यासमोरच बोलायचं आम्ही सगळ्यांनी. पोरं ऐकतात हे मोठ्या माणसांच्या ध्यानात राहत नाही.

मे महिन्यात सगळे दौंडला आले. जेवताना मुलगा म्हणाला, "आबा, यंदा तिला परत पहिलीतच बसवावं म्हणतोय. पाया कच्चा राहिला तर पुढं लई हाल व्हतील." नात समोरच आंबा खात होती. कोय चाटायची थांबली, ताटाकडं बघत राहिली, आणि उठून हात धुवायला गेली. परत आलीच नाही जेवायला.

मी म्हटलं, हे काम आता आपण हातात घ्यायचं. एवढ्या जोडीदारांना घडवलंय मी, एका पोरीला वाचायला शिकवता येत नाही म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला पडवीत घेऊन बसलो. पहिलीचं पुस्तक उघडलं. माकडाची गोष्ट होती. पोरीनं पान बघितलं आणि सुरू केलं, "एक माकड व्हतं. ते झाडावर बसून बोरं खायचं. मग तिथं एक म्हातारी आली..." मी पान बघतोय तर त्यात ना बोरं ना म्हातारी. माकड सरळ नदीवर चाललेलं. पण गोष्ट अशी काही रंगवून सांगत होती की मीच ऐकत बसलो. मग भानावर येऊन म्हटलं, "बये, म्हातारी कुठाय यात? बोट ठेव बघू."

तिनं बोट ठेवलं नाही. पुस्तक मिटलं आणि माझ्याकडं सरकवलं. म्हणाली, "आबा, मी ढ हाय."

"कोण म्हणालं तसं? नाव सांग, बघतोच त्याला."

"कुणीच न्हाई म्हणालं. माझं मलाच कळलं. सगळ्यांची अक्षरं नीट बसत्यात, माझीच हलत्यात." मग म्हणाली, "मला पहिलीत नका बसवू. दुसरीत पण नका. मी तुमच्यापाशी राहते, गाड्या बघते."

सहा-सात वर्षांच्या पोरीनं आपल्या बुद्धीचा निकाल असा शांतपणे लावून टाकलेला. ती रडली असती तर बरं झालं असतं, समजूत तरी घातली असती. अक्षरं हलतात म्हणाली, ते तर माझ्या डोक्यात शिरलंच नाही. लेकराच्या तोंडी काहीही येतं, असं वाटलं. मी तिला उचलून मांडीवर घेतलं, बराच वेळ घेऊन बसलो, आणि पुस्तक उशाखाली ढकलून दिलं.

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही गच्चीवर बसलो होतो. समोर रस्त्यापलीकडं उसाचा रस मिळतो, त्यानं नवी पाटी लावली होती, लाल ढोबळ्या अक्षरांत. पोरगी माझ्या गुडघ्याला टेकून तिकडं बघत होती. आणि स्वतःशीच म्हणाली, "र... स... वंती. रसवंती. आबा, त्याच्या म्होरं ते कसलं अक्षर हाय? 'ग'ला खाली काय लावलंय?"

मी ताडकन तिच्याकडं वळलो. रसवंती गृह! 'गृ' तिला येत नव्हता, पण बाकीचं तिनं जोडून वाचलं होतं. पाटी तर परवाच लागलेली, तिच्याबद्दल कुणी बोललेलंही नव्हतं. म्हटलं, "ती पलीकडची वाच बघू."

"येथे... हवा... भरून मिळेल."

"आन् ती पिवळी?"

"चहा... भजी. आबा, मला भूक लागली."

भूक लागली म्हणते! मी खाली जाऊन बिस्किटांचा पुडा आणला, तिच्या हातात दिला आणि मागची बारीक अक्षरं दाखवली. "हे वाच, मग खा." तिनं पुडा नाकापाशी नेला, मग लांब केला, मग हात पार ताणून धरला आणि मान मागं नेऊन तोंड आंबट केलं. अगं आई गं! हे तोंड मला ओळखीचं होतं. चष्मा सापडत नसला की सकाळी पेपर हातात घेऊन मी अस्संच तोंड करतो आणि घरची सगळी मला हसतात. पण ते चाळिशीच्या पुढचं दुखणं. दुधाचे दात पडणाऱ्या पोरीला ते असतं, असं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

खिशात माझा जवळचा चष्मा होता. तो तिच्या नाकावर ठेवला. नाक इवलंसं, चष्मा घसरून खाली यायला लागला, म्हणून मी दोन्ही बाजूंनी काड्या धरून बसलो. पोर पुड्याकडं बघत राहिली.

"काय गं? दिसतंय का काही?"

हळूच म्हणाली, "आबा, अक्षरं थांबली."

मी तिथंच रडायला लागलो. जिन्यातून मुलगा धावत वर आला, सून आली. मला काही झालं की काय वाटलं त्यांना. मला सांगताच येईना. मी नुसता पाटीकडं बोट दाखवतोय आणि पुड्याकडं बोट दाखवतोय.

दुसऱ्या दिवशी दौंडातच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी डोळ्यांत औषध घातलं, बाहुल्या मोठ्या केल्या, मशिनीतून बघितलं. प्लसचा नंबर होता, चांगला दणकून, दोन्ही डोळ्यांना. त्यांनी समजावून सांगितलं, की हिचे डोळे सतत जोर लावतात. लांबचं थोडा जोर लावला की दिसतं, लहान पोरांकडं तो जोर असतो. जवळच्याला फार लागतो, तो टिकत नाही, मग अक्षर पुसट होतं, डोकं दुखतं, पोर पुस्तकापासून पळतं. मी आपला अजून माझ्याच गाडीत. म्हटलं, "पण मॅडम, तिला मैलावरचा सिग्नल दिसतो हो!"

त्या हसल्या. "आबा, पुस्तक मैलावर धरायचंय का तिनं?"

मुलगा फिस्सकन हसला.

चष्मा आला. गुलाबी काड्यांचा, तिनंच निवडलेला. घरी आमच्या मंडळींनी सूर लावला, पोरीच्या जातीला एवढ्यात चष्मा, उद्या कोण पसंत करील. मी म्हटलं, "तुला चष्मा हाय, तुला मी पसंत केलंच की." त्यावर त्या लटक्या रागानं आत निघून गेल्या. पण रात्री पोरीचा चष्मा पदरानं पुसून डबीत ठेवायचं काम त्यांनीच घेतलं, मागून कुणाला करू दिलं नाही.

एकदम घडाघडा वाचायला लागली असं मात्र काही झालं नाही. वर्षभराची भीती अंगात मुरलेली होती. पुस्तक उघडलं की आधी माझ्याकडं बघायची, एकेक शब्द विचारल्यासारखा म्हणायची. मग मी आमची इंजिनावरची पद्धत काढली. ती शब्द म्हणायची, मी तोच मागून मोठ्यानं म्हणायचो. "माकड." "माकड!" "नदीवर." "नदीवर!" दोघांचं जुळलं की गाडी पुढं. शेजारी म्हणाले असतील, म्हातारा या वयात पहिलीत बसला. म्हणू देत. माकडाची गोष्ट संपली तेव्हा मात्र ती नाराज झाली. म्हातारीची गोष्टच चांगली होती म्हणाली, आणि खरं सांगायचं तर होतीच.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मुलानं तिला दुसरीतच बसवलं, पण धाकधूक सगळ्यांना होती, तिला तर फारच. पहिल्या दिवशी मी चौफुल्यावरून शिरूरची गाडी धरली आणि शाळा सुटायच्या आधीच गेटाशी जाऊन उभा राहिलो. पोरं हुंदडत बाहेर आली. आमची सगळ्यात शेवटी, पाय ओढत, चष्मा नाकावर, चेहरा उतरलेला.

माझा धीर सुटला. "काय झालं गं? कुणी चिडवलं?"

"न्हाई."

"मग? वाचायला सांगितलं का बाईंनी?"

"व्हय. दुसरीला पण त्याच बाई हायत. नव्या पुस्तकातला धडा दिला."

"आन् तुला आला न्हाई?"

"वाचला की मी. एकटीनं, उभी राहून. सगळी पोरं गप्प व्हती." ती माझ्याजवळ सरकली, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "पण आबा, वाचून झालं तर बाई रडत व्हत्या. माझं लई चुकलं का वो?"