बिनतुपाचा भात

वाफाळत्या वरणभातावर आईचा तुपाचा चमचा येऊन थबकला आणि मागे गेला. गेले आठ दिवस रोज हेच चाललंय. बाळाच्या शीमध्ये रक्ताची रेघ दिसली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुधाची ॲलर्जी असावी. अंगावर पाजताय, तर काही आठवडे तुम्हीच दूध-दही-तूप बंद करून बघा.

"तूप म्हणजे काय दूध आहे का?" आई तेव्हा पुटपुटली होती. डोक्याला पटलं, हाताला अजून पटत नाही. बाळंतिणीच्या पानात तूप वाढायचं नाही, हे त्या हातानं कधी केलेलंच नाही. मला त्याचा राग येत नाही. मी जे खाते ते मांडीवर लुचणाऱ्या या एवढ्याशा जिवापर्यंत पोचतं, याचंच मला अजून नवल वाटतं.

आज पाहिलं, तर आईच्या भातावरही तूप नव्हतं.

"अगं, बाळ माझं दूध पितं, तुझं नाही," मी हसत म्हटलं.

"हो, पण माझं बाळ बिनतुपाचं जेवतंय ना समोर," ती म्हणाली आणि भात कालवू लागली.