वाकड्या पाठीचे मासे

सरळ मासा कुणीही पाळेल, असं मी त्या काळात ओट्यावर बसून लोकांना ऐकवायचो. आमची काचेची टाकी बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी होती. तिच्यात मी बाजारातले बिघडलेले मासे आणून ठेवले होते. एका डोळ्याची गुरामी, अर्ध्या शेपटीचा गोल्डफिश, एका बाजूला कल्ल्याचं झाकणच नसलेली मोली. मासे विकणारा असले नग फेकायला म्हणून वेगळ्या बरणीत टाकायचा, ते मी मागून आणायचो. त्यांच्या जोडीला चार धडधाकट गप्पी आणि एक एंजल होते, पण ते नुसते भरतीला.

लाडही करायचो. गुरामीला डावीकडचं दिसत नसे, म्हणून डासांच्या अळ्या तिच्या उजव्या अंगाला सोडायच्या. गोल्डफिश हावरट. त्याला आधी एका कोपऱ्यात उकडलेल्या अंड्याचा बलक द्यायचा आणि तो तिकडे गुंतला की बाकीच्यांना. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकून घेणं माझ्या स्वभावातच नव्हतं. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड; मराठी आईने घरी पोथीवरून शिकवली. मग चिकपेटेच्या बाजारात देवांच्या तसबिरी मढवायचं आणि खिडक्यांना काचा बसवायचं काम धरलं. त्या कामात माझा कुणी हात धरत नसे, हे आजही सांगतो.

टाकीही माझ्याच हातची. लोखंडी अँगलची चौकट, चारी बाजूंना काचा आणि सांध्यांत पुट्टी. खडूची पूड जवसाच्या तेलात मळली की पुट्टी होते, पण ती पाण्यात धरत नाही. म्हणून मी तिच्यात मूठभर शेंदूर घालायचो, मारुतीला लावतात तो. शेंदराची पुट्टी वाळली की दगड. आमची टाकी कधी थेंबभर गळली नाही.

त्या टाकीत गप्पींना पिल्लं झाली. जन्मली तेव्हा सरळ होती. महिना-दीड महिन्यात त्यांच्या पाठी कमानीसारख्या वाकल्या आणि शेपट्या शाईत बुडवल्यासारख्या काळ्या पडल्या. दुसऱ्या विणीलाही तेच. मला वाटलं, ही नवीच जात झाली, आणि ती माझ्या घरात झाली. राजाजीनगरात तेव्हा घरं विरळ, करमणूक कमी. लोक लांबून बघायला यायचे. वाकलेला मासा पोहताना मागचं अंग घुसळत चालतो, ते बघून एकजण म्हणाला, "अय्यो अण्णा, हे तर नाचतात!" मी छाती काढून उभा.

शेजारी पुण्याहून आलेलं एक जोडपं भाड्याने राहत होतं. नवरा एका संशोधन संस्थेत कामाला, सायन्स शिकलेला. सगळी गल्ली त्यांना पुणेकर म्हणायची. बायको अबोल. त्यांचं पहिलं मूल चार महिन्यांचं होऊन गेलं होतं, इथे यायच्या आधी. हे माझ्या बायकोकडून मला कळलं होतं.

एका रविवारी पुणेकर टाकीपुढे उकिडवे बसले. बराच वेळ बघून त्यांनी काचेच्या कडेवर नख फिरवलं.

"अण्णा, ही लांबी कसली भरलीत?"

"आमच्यात पुट्टी म्हणतात."

"बरं, पुट्टी. लाल दिसतेय. शेंदूर आहे का?"

"आहे. का?"

"शेंदूर म्हणजे शिसंच हो. थोडंथोडं पाण्यात उतरत असणार. त्यानेच पिल्लांच्या पाठी वाकत असतील."

ओट्यावर चार माणसं बसलेली. मी म्हणालो, "पुट्टी सांध्यात आहे, मासे पाण्यात आहेत. तुमच्या संस्थेतले मासे पुट्टी खातात काय?"

सगळे हसले. पुणेकरही हसले. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "खात्री मलाही नाही. बघू या ना. पुढच्या विणीतली अर्धी पिल्लं मातीच्या रांजणात ठेवा, अर्धी इथेच. दोघांना खायला तेच. दीड महिन्याने मी बघायला येतो."

"सरी, या की," मी म्हणालो.

ते काम मी चोख केलं, हेही लिहून ठेवतो. बायकोकडून रांजण मागून घेतला, दोन्हीकडे सारखं खायला घातलं. टाकीतली पिल्लं वाकली. रांजणातली एकूण एक सरळ राहिली. मी रोज सकाळी रांजणात डोकावायचो. आज तरी एखादं वाकलं असेल, अशी आशा करत डोकावायचो.

पुणेकर यायच्या आदल्या दिवशी मी ती सरळ पिल्लं तांब्यात भरली आणि तळ्यात सोडून आलो. टाकीतली पाच वाकडी पिल्लं काढून रांजणात टाकली. बायको चुलीपुढून बघत होती. म्हणाली, "झालं की रांजण धुऊन द्या." 

पुणेकर आले, रांजणात वाकून बघितलं, मोजले, खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहिलं. मग त्याच चार माणसांसमोर म्हणाले, "म्हणजे माझं चुकलं, अण्णा."

इतकं सहज म्हणाले की मला क्षणभर कळलंच नाही. आपलं चुकलं असं मी तोवर कधी कुणाला म्हटलं नव्हतं. पुढे आठवडाभर मी गल्लीत सांगत फिरलो, सायन्सवाल्याने माझ्यापुढे कान धरला म्हणून. त्यांनी कान धरला नव्हता.

पुढच्या रविवारी ते परत आले. "आमच्या हिला तुमच्या टाकीचा नाद लागलाय. दिवसभर एकटी असते. एक टाकी करून द्याल का? अगदी अशीच."

इथे मी अडकलो. शेंदूर न घालता टाकी केली, तर त्यांच्याकडे पिल्लं सरळ वाढणार आणि पुणेकरांच्या सगळं लक्षात येणार. शेंदूर घातला, तर त्या बाईच्या माशांचं काय होणार हे मला आता पक्कं ठाऊक होतं. आणि दुसरा मार्ग मला येत नव्हता असंही नाही. डांबराची पुट्टी आम्ही पावसाच्या बाजूच्या खिडक्यांना नेहमी भरायचो.

मी शेंदूर घातला. हात आखडता घेतला नाही.

गप्पींची जोडी मीच दिली, सरळ पाठीची. महिन्याभरात पिल्लं झाली तेव्हा पुणेकर वहिनी धावत सांगायला आल्या. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. मग पाठी वाकायला लागल्या. त्या परत आल्या.

"अण्णा, माझं काय चुकतंय?"

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही पाणी फार बदलता. पाणी स्वल्प जुनं राहू द्या."

का म्हणालो? काहीतरी म्हणायला हवं होतं म्हणून. त्यांनी ऐकलं, पाणी बदलायचं थांबवलं. दुसऱ्या विणीची निम्मी पिल्लं मेली आणि उरली ती पहिल्यापेक्षा वाकडी झाली.

त्या दिवशी दुपारी मी जेवत होतो. बायको ताक वाढता वाढता थांबली.

"ती आज माझ्यापाशी बसून काय म्हणाली, सांगू? म्हणाली, अक्का, माझ्याकडे काही जगत नाही, आणि जगलं तर सरळ वाढत नाही."

मी भात कालवत राहिलो.

"रांजणातले मासे मी पाहिलेत," ती म्हणाली. "तुम्ही सांगता, का मी सांगू?"

"मासेच आहेत ते."

"जा, तिला सांगून या. मासेच आहेत म्हणून."

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट ठेवायची आणि परसात निघून जायची. चौथ्या दिवशी मी पटाशी घेऊन शेजारी गेलो. गेलो तो खरं सांगायला असं म्हणता येणार नाही. दारातच म्हणालो, "सांध्याला ओल धरलीय वाटतं, नवी पुट्टी भरून देतो." वहिनींनी मासे घागरीत काढले आणि मी टाकी उचलून घरी आणली. दोन दिवस बसून शेंदराचा कण न कण खरवडला, काचा राखेने घासल्या, डांबराची पुट्टी भरली, पाण्यात मुरवली आणि टाकी परत नेऊन दिली.

पुढची वीण सरळ निघाली. दीड महिना झाला, दोन महिने झाले, एकही पाठ वाकली नाही. वहिनी शिऱ्याची वाटी घेऊन आल्या. माझ्या बायकोसमोर, डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "अण्णांच्या हाताला गुण आहे हो."

बायको आत गेली. मी शिरा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना पुणेकर ओट्यावर टेकले. मी एकटाच होतो.

"या वेळी शेंदूर नव्हता ना?"

"नाही."

"डांबर?"

"हो."

ते रस्त्याकडे बघत राहिले. "रांजणातही वाकले म्हणून मी वहीत लिहून ठेवलं, अण्णा. तुमचा शब्द होता, म्हणून दुसऱ्यांदा करून बघितलं नाही."

 तेच पुढे म्हणाले, "हिला काही सांगू नका. आत्ता कुठे हसायला लागलीय. त्यात तुम्ही तिला चांगले वाटता, तेवढं राहू द्या."

ते उठले, चपला घातल्या. मला माफी मागायची होती. तोंडातून आलं ते, "बसा की, कॉफी घेऊन जा."

"नको," ते म्हणाले.

त्यानंतर ते आमच्या ओट्यावर बसले नाहीत. रस्त्यात भेटले तर मान हलवायचे. माझी टाकी मी आणखी दोन वर्षं तशीच ठेवली. बघायला लोक यायचे, मी दाखवायचो. एकदा दाखवलेलं काढून टाकलं, तर का काढलं हे सांगावं लागलं असतं.

मग त्यांची बदली झाली. टांगा दारात आला, सामान चढलं. वहिनींच्या कडेवर तेव्हा वर्षाची मुलगी होती. तिला माझ्या बायकोकडे देऊन त्या वाकल्या आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडल्या. पुणेकर ट्रंकेची दोरी आवळत होते. त्यांनी वर बघितलं नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं.

मी वहिनींना आशीर्वाद दिला.