बसाकाकांची खुर्ची

दुकानात पाऊल टाकलं की पहिला शब्द कानावर पडायचा तो ‘बसा’. गिऱ्हाईक घाईत असो, रागात असो, त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढायच्या आत काका म्हणायचे, बसा. म्हणून त्यांचं नाव पडलं बसाकाका. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण शेजारच्या चावीवाल्यानं उन्हासाठी कापड बांधलं तेव्हापासून पाटी झाकली गेली होती, आणि काकांना त्याचं सुखदुःख नव्हतं.

दुकान जिन्याखालचं. आत एक लांब टेबल, त्यावर मान वळवता येणारा दिवा, स्क्रूड्रायव्हरांचा डबा, खिळ्यांना टांगलेल्या वायरी, आणि टेबलासमोर एक हातांची लाकडी खुर्ची. खरा मान या खुर्चीचा. धापा टाकणारे जुने लॅपटॉप घेऊन लोक यायचे आणि काका त्यांच्यात लिनक्स घालून द्यायचे. लिनक्स म्हणजे लॅपटॉप चालवणारी सिस्टीम, फुकटात मिळणारी आणि अंगानं हलकी, त्यामुळे म्हाताऱ्या यंत्रालाही पुन्हा चार पावलं धावता येतं. पण मागितलं आणि घालून दिलं असं काका करत नसत. यंत्रागणिक आतले भाग वेगळे. कुणाचं वायफाय नव्या सिस्टीमला ओळखच देत नाही, कुणाचा टचपॅड रुसून बसतो, कुणाचा लॅपटॉप एकदा झोपला की उठायचं नाव घेत नाही. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघायचं, आतल्या डिस्कला बोटही लावायचं नाही. सोयरीक जुळवायची तर आधी चार वेळा येणं-जाणं हवं, असं ते म्हणायचे.

इथपर्यंत सगळेच शहाणे कारागीर करतात. काकांची खोड याच्या पुढची होती. ते गिऱ्हाइकाला घरी जाऊ देत नसत. पेनड्राइव्हवर लिनक्स सुरू झालं की लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवायचे आणि म्हणायचे, तुम्ही रोज काय करता, ते इथं करून दाखवा.

मग मोठी गंमत व्हायची. एक वकीलसाहेब म्हणाले, माझं काय, नुसती कागदपत्रं टाइप करतो. बराच वेळ टाइप केल्याचा आव आणून शेवटी त्यांनी पत्त्यांचा डाव उघडला आणि तासभर उठले नाहीत. एक परिचारिका लॅपटॉप कुशीवर उभा करून, उशीला टेकवून सिनेमा बघायची. तिनं ते पिशवीला टेकवून करून दाखवलं म्हणून कळलं, की त्या लॅपटॉपवर पडदा आडव्याचा उभा होत नाही. एका हिशेबनिसाला झाकण मिटल्यावरही गाणं चालू असलेलं लागायचं, आणि नवी सिस्टीम झाकण मिटलं की मेल्यासारखी गप्प. हे त्यानं तोंडानं कधीच सांगितलं नसतं. तोंडाला विचारू नये, हाताला विचारावं, हे काकांचं आवडतं वाक्य. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण काकांच्या हातचा लॅपटॉप परत आला असं क्वचितच व्हायचं.

दुसरा त्यांचा नेम असा, की गिऱ्हाइकाच्या फाइली जपून दुसरीकडे उतरवून घ्यायच्या, पण उघडून बघायच्या नाहीत. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकावणं आणि दुसऱ्याच्या घरात शिरून कपाटं उघडणं त्यांच्या लेखी एकच.

घरी ते आणि काकू, दोघंच. हे लग्न कसं जमलं तेही सांगायला हवं. तरुणपणी काका एका रेडिओच्या दुकानात कामाला होते. बाहेरगावाहून सुटे भाग मागवायला ट्रंककॉल लावावा लागे. फोन उचलला की एक्स्चेंजमधून फोन जोडून देणाऱ्या मुलीचा आवाज यायचा, “बोला, कोणता नंबर हवाय?” एवढंच. पण त्या एवढ्याशा वाक्यापायी काका असे भाग मागवायला लागले, ज्यांची कुणाला गरज नव्हती. मालकाची फळी नको असलेल्या व्हॉल्व्हांनी भरत चालली. शेवटी मालक स्वतःच त्या मुलीच्या घरी बोलणी करायला गेला, कारण नाहीतर त्याचं दिवाळं निघालं असतं.

पुढे एक्स्चेंज बंद झालं. फोन आपले आपण जोडले जाऊ लागले, आणि काकू घरी आल्या. हळूहळू त्या कमी बोलायला लागल्या. चहा घेता का, गोळी घेतलीत का, विजेचं बिल भरलं. काकांना वाटलं, आयुष्यभर लोकांशी बोलून बिचारीचे शब्द संपले असतील, आणि आता वयही झालं. कधीकधी दुकानात एकटे असताना त्यांना तो जुना आवाज आठवायचा. पण या वयात बायकोला कुठल्या तोंडानं म्हणणार, की जरा बोल ना माझ्याशी.

काकूंकडे भाचीनं दिलेला लॅपटॉप होता. तसा फार जुना नव्हता, पण गोगलगायीच्या चालीनं चालायचा. काकू बहिणीकडे राहायला गेल्या आणि काकांच्या मनात आलं, परत येईपर्यंत याचा कायापालट करून ठेवू. तिला आश्चर्याचा धक्का देऊ.

दुकानात नेऊन त्यांनी पेनड्राइव्ह लावला. नव्या नवलाईच्या आवृत्तीवर त्यांचा विश्वास नसायचा, लोणचं आणि लिनक्स मुरलेलंच बरं, म्हणून वापरून जुनी झालेली आवृत्ती घेतली. वायफाय चाललं. टचपॅड, पडद्याचा उजेड, कॅमेरा, स्पीकर, सगळं ठीक. लॅपटॉप झोपला आणि उठलाही. समोरची खुर्ची रिकामी होती, पण स्वतःच्या बायकोला काय विचारायचं? ती बिलं भरते, बहिणीला निरोप पाठवते, दुपारी मागच्या खोलीचं दार लावून झोपते. त्या खोलीत गोधड्यांचा ढीग कायम पसरलेला असायचा, आणि घडी घालायला काय होतं, यावरून काका अधूनमधून कुरबुरही करायचे. बोलायला तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता, त्यामुळे लॅपटॉपचा माइक बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. फाइली उतरवून घेताना ‘दुपार’ नावाचं एक भलंमोठं फोल्डर दिसलं. नेमाप्रमाणे काकांनी ते न उघडता उतरवलं. मग जुनी सिस्टीम पुसून लिनक्स घातलं. गावभर उजेड देणाऱ्या दिव्याखाली अंधार असतो तो असा.

काकू शनिवारी परत आल्या. झाकण उघडताच लॅपटॉप सुरू झाला तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला, की काकांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. जेवणं झाल्यावर त्या लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. जरा वेळानं बाहेर आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं.

“हा माझा आवाज घेत नाहीये,” त्या म्हणाल्या.

काकांना आधी कळेचना की लॅपटॉपला हिचा आवाज कशाला हवा. मग काकूंनी सांगितलं. दुपारी त्या झोपत नव्हत्या. गोधड्या खुर्चीभोवती लावून, म्हणजे आवाज घुमत नाही, त्या पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत होत्या. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी शहरात एक वाचनालय होतं, तिथं ही पुस्तकं जायची. किती तरी पुस्तकं झाली होती. आता एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची जाडजूड कादंबरी चालू होती आणि तिचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. उद्या संध्याकाळी सगळे ऐकणारे शेवट एकत्र ऐकायला जमणार होते. कुणी मुलाला, कुणी सुनेला सोडायला सांगून ठेवलं होतं.

काका गोंधळून म्हणाले, चावीवाल्याचा चांगला फोन आहे, त्यावर वाच, नाहीतर मी बाहेरून जोडायचा माइक आणतो. काकूंनी मान हलवली. माइक बदलला की आवाज बदलतो, आणि न बघता ऐकणाऱ्याला वाटतं माणूसच बदलला. शेवटच्या प्रकरणात त्यांना परक्या बाईच्या हाती द्यायचं का, असं त्यांचं म्हणणं पडलं.

“अगं, पण मला कधी सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही, हेच वाईट. “सगळ्या गावाला खुर्चीत बसवता. मला का नाही बसवलंत?”

त्या दुपारी चहा झाला, पण तो कुणाला लागला नाही.

रविवारी दुकान बंद असायचं. काकांनी सकाळीच कुलूप काढलं. लॅपटॉपची सगळी कुंडली मांडल्यावर दोष सापडला. त्या यंत्रात स्पीकर एका चिपवर होता आणि पडद्याच्या वरच्या टाचणीएवढ्या भोकांमागचा माइक दुसऱ्याच चिपवर. काकांच्या मुरलेल्या आवृत्तीला त्या दुसऱ्या चिपची ओळखच नव्हती, ती नव्या आवृत्तीत आली होती. त्यांनी नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर उतरवली आणि सुरू केली. यादीत माइक दिसला. दुसरं गिऱ्हाईक असतं तर त्यांनी तोंडानंच हॅलो हॅलो करून पाहिलं असतं. पण आता हे हॅलोवर भागण्यासारखं नव्हतं.

ते घरी आले, मागच्या खोलीतल्या गोधड्या उचलून खांद्यावर टाकल्या आणि काकूंना म्हणाले, चल. दुकानात त्यांनी त्या गोधड्या वायरींच्या खिळ्यांवर टांगल्या, खुर्चीच्या तिन्ही बाजूंनी. बाहेर जाऊन चावीवाल्याला विनंती केली, की तुझं मशीन जरा थांबव. त्यानं कारण विचारलं. काका म्हणाले, एक गिऱ्हाईक आलंय. चावीवाल्यानं मान खाली घालून हसू लपवलं आणि मशीन बंद केलं.

काकू खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या होत्या. काकांनी रेकॉर्डिंग सुरू करून लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. जन्मभर तिला अगं-तुगं केलेला माणूस, त्या दिवशी घसा साफ करून म्हणाला, “बसा नीट. तुम्ही रोज काय करता, ते इथं करून दाखवा.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या मागं टेकून बसल्या, पुस्तक मांडीवर उघडलं आणि माइक बघायला म्हणून, पडद्याकडे तोंड करून बोलल्या, “बोला, कोणता नंबर हवाय?”

पडद्यावरची आवाज मोजणारी हिरवी रेघ ताडकन वर उठली. माइक चालत होता. काकांनी ‘चाललं’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी नुसता हात हलवला, पुढं वाचा.

आणि काकू वाचायला लागल्या. जहाज बंदराला लागत होतं, म्हातारा स्वयंपाकी शेवटचा चहा करत होता, खलाशी एकेक करून निरोप घेत होते. कप्तानाचा घोगरा आवाज, पोरसवदा खलाशाचा घाबरा आवाज, सगळे काकूंच्याच गळ्यातून येत होते. घरात गोळी घेतलीत का म्हणणारी ती बाई आणि ही बाई एकच, हे काकांना पटेना. काकांनी हिरव्या रेघेकडे बघायचं कधीच सोडून दिलं होतं. इतकी वर्षं एका भिंतीपलीकडे हा आवाज रोज होता, आणि आपण गोधड्यांच्या घड्यांवरून भांडत बसलो, या विचारानं त्यांना स्वतःचा राग आला आणि रडूही आलं. एकदा नाक ओढल्याचा आवाज झाला. काकू थांबल्या नाहीत.

प्रकरण संपलं. पुस्तक मिटून त्यांनी विचारलं, “झालं का तपासून? माइक चालतोय?”

“पहिल्या वाक्यालाच चालला होता.”

“मग थांबवलं का नाहीत?”

“मला ऐकायचं होतं गं,” काका म्हणाले. “कधीपासून ऐकायचं होतं.”

काकूंनी हात पुढे करून काकांच्या चष्म्याची काच आपल्या पदरानं पुसली. रेकॉर्डिंग दुसरीकडे उतरवून नवी आवृत्ती डिस्कवर घालून होईस्तोवर त्या तिथंच खुर्चीत बसून राहिल्या आणि बहिणीकडच्या गोष्टी सांगत राहिल्या.

रेकॉर्डिंग वेळेत पोचलं. वाचनालयातून फोन आला, की मध्ये कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आलाय, तेवढा कापून टाकू का. काकू म्हणाल्या, नको, राहू द्या.