फणसे सरांचा गुडघा

पहिल्याच तासाला फणसे सर वर्गात आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पुस्तकं बंद. कान मुडपा." बारावीत गुणांची लयलूट करून आलेले आम्ही शहाणे एकमेकांकडे बघत आपापला कान मुडपून बसलो. "आता सोडा. आला जागेवर? हाड असतं तर मोडलं असतं. नुसतं कातडं असतं तर लोंबलं असतं. आत आहे ती कूर्चा. बेसो हवे, शांतीथी." आता शांत बसा, हे ते नेहमी गुजरातीतच सांगायचे.

बडोद्यात शरीररचना शिकवण्यात त्यांची हयात गेली, तीही शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभ्यानं. श्वासनळीच्या कड्या दाखवताना विचारायचे, "या मागच्या बाजूला अर्धवट का? घास उतरताना मागच्या अन्ननळीला जागा लागते म्हणून. शेजाऱ्यासाठी एवढं सरकून घेणारं माणूस पाहिलंय कधी?" टेबलावर काहीही उघडलं की आधी लिहायचं, मग पुस्तक बघायचं, हा त्यांचा दंडक होता. मी एकदा न सापडलेली नस ठोकून दिली, तेव्हा वही परत करत म्हणाले, "जे दिसलं ते लिही. दिसायला हवं होतं ते पुस्तकात आहेच."

पण खरा जीव गुडघ्यावर. हाडाच्या टोकावरची कूर्चा ते ओल्या खोबऱ्यासारखी बोटानं चाचपायला लावत. "हिच्यात रक्तवाहिनी नाही. सांध्यातल्या पाण्यावर जगते. वजन पडलं की पिळली जाते, उचललं की शोषून घेते. नसही नाही, म्हणून ओरडत नाही. ओरडतं ते हाड, आणि तोवर ही बया संपलेली असते."

निवृत्तीनंतर त्यांचीच संपली. सुभानपुऱ्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी तोवर अलकापुरीतल्या एका इस्पितळात तातडीच्या विभागात डॉक्टर झाले होते. रविवारी भेटायला गेले की जिन्यात त्यांचा उजवा गुडघा करकरताना मला वरपर्यंत ऐकू यायचा. "सर, सांधा बदलून घ्या," मी दर वेळी म्हणायची.

"आणि काढलेला तुकडा कुठे जातो? कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. पोरांनी गुळगुळीत कूर्चा पाहिलीय, झिजलेली कोण दाखवणार? माझा गुडघा टेबलावरच जाणार." देहदानाचा अर्ज त्यांनी केव्हाच भरला होता. सोबत एक पाकीट होतं. त्यात त्यांनी स्वतःचा गुडघा पेन्सिलीनं काढून कुठे कूर्चा उरली असेल, कुठे हाड उघडं पडलं असेल, याचा अंदाज रेखाटला होता. "पोरांनी आधी उघडायचं, लिहायचं आणि मग माझा कागद बघायचा. चुकलो असेन तर लाल शाई मारायची." काकू वैतागून म्हणायच्या, "यांना माझ्यापेक्षा त्या टेबलाची ओढ जास्त." मीही हळूहळू आग्रह सोडला. खरं सांगायचं तर मला त्यांच्या हट्टाचं कौतुकच वाटायचं. ते कौतुक आज मला टोचतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते दूध आणायला निघाले आणि दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यानं दगा दिला. इस्पितळात आणलं तेव्हा माझीच ड्युटी होती. डाव्या कानातून रक्ताची बारीक धार होती, म्हणजे कवटीच्या तळाला तडा; बाकी अंगावर ओरखडाही नाही. अर्ध्या तासात सर गेले.

काकू देहदानाचा अर्ज आणि ते पाकीट छातीशी धरून उभ्या होत्या. अपघाती मृत्यू म्हटला की पोलीस येणार, पोस्टमार्टेम होणार, आणि तसं चिरलेलं शरीर कॉलेज घेत नाही, हे मला माहीत होतं. माझा सहकारी हळूच म्हणाला, "मॅडम, उंमर तो हती ज ने. हार्ट लखी नाखो. कोण पूछवानुं छे?" वय होतंच, हार्ट लिहून टाकलं की कोण विचारणार, आणि मग देह थेट कॉलेजला.

मी मृत्यूच्या कारणाचा कागद पुढे ओढला. मग लिहिलं: जिन्यावरून पडणे, डोक्याला मार. मला दिसलं होतं ते तेवढंच.

काकूंनी वाचलं. "त्यांनीच शिकवलं ना तुला असं?"

"हो, काकू."

"मग बरोबरच असेल," त्या म्हणाल्या, आणि पाकीट माझ्या हातात ठेवून बाकावर जाऊन बसल्या. त्यानंतर त्या माझ्याशी फारशा बोलल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

कॉलेजनं अपेक्षेप्रमाणे नकार कळवला. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांना अग्नी दिला. ते पाकीट माझ्या कपाटात आहे, अजून बंदच. पोस्टमार्टेममध्ये डोकं उघडतात, छाती उघडतात, पोट उघडतात. गुडघा कुणी उघडत नाही.