पोरीले सांगाचं कोनं?

मासिक पाळी, वयात येणं या विषयांवर पालकांशी बोलायला लागून वर्ष झालं, आणि किस्से इतके साठलेत की कामाचा अहवाल लिहायला बसले तरी किस्साच उतरतो! दिल्लीत शिकताना वाटायचं, आपल्या यवतमाळात लोक विरोध करतील, भांडतील. मी उत्तरं पाठ करून आले. भांडलं कुणीच नाही. "लय जरूरी हाय मॅडम. तुमीच सांगा!" पोरांना कळावं असं सगळ्यांनाच वाटतं. फक्त आपल्या तोंडून नको.

*

दहावीची एक मुलगी विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली. प्रजननाच्या धड्याला सर म्हणाले, "हे घरी वाचून घ्या." घरी आई म्हणाली, "हे सरले विचार."

"मंग मॅडम, हा धडा हाय कोनाचा?"

*

ढाणकीच्या एक काकू ठसक्यात म्हणाल्या, "माया पोरीले म्या सारं सांगतलं!"

मी खूश. "काय सांगितलं?"

"लोनच्याले हात लावाचा नाही."

"आणि?"

"आनखी काय रायते?"

*

दुसऱ्यांना काय बोलू? बाभुळगावला घरी मी विषय काढला, की बाबा टीव्हीचा रिमोट शोधायला लागतात. परवा लाइट गेली होती, तरी शोधत होते!

*

फुलसावंगीच्या शाळेत माता-सभा होती. चार बाया आल्या. दारात एक शेतकरी उभे, हातात वही.

"काका, आज फक्त आयांची सभा आहे. घरून ताईंना पाठवा."

"पोरीची माय नाही आता. दोन सालं झाले."

"मग आजीला?"

"बुढी म्हनते, पाळी येईन तवा पाहू. पोरीले तेरावं लागलं, मॅडम. तिच्या आंधी मले मालूम पाह्यजे."

बायांनी तोंडाला पदर लावला. यांच्यासमोर त्या बोलणार नाहीत, म्हणून मी काकांना बाहेर बसायला सांगितलं. मी!

"बरं," म्हणाले.

दोन तासांनी बाहेर आले, तर ते खिडकीखाली उकिडवे बसलेले. वही पुढे केली. "पंख्याच्या आवाजानं मधलं राह्यलं, मॅडम."

पान-दीड पान भरलेलं, मध्ये जागा कोरी. तिकडे माझी शेवटची एसटी हॉर्न देत होती. मी धावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या सगळ्या नोटिशींवरचा 'माता' शब्द खोडला आणि फुलसावंगीची गाडी धरली.